घरच्या जकुझीत या चुका टाळा : पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे स्वच्छच आहे असं नसतं

कर्जतजवळ आमचं छोटं घर आहे, तिथे मागच्या अंगणात १२०० लिटरचा हॉट टब बसवलाय, कंपनी कुठलीही असो आपल्याकडे सगळे त्याला जकुझीच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळी भावंडं पोरंबाळं घेऊन आली होती, अंगाला तेल-उटणं लागलेलं होतं आणि पोरं तशीच टबात उतरली. पाणी दिसायला एकदम नितळ. दोन दिवसांनी पुतणीच्या पोटावर, मांड्यांवर, जिथे जिथे स्विमसूट चिकटून होता तिथे लाल पुरळ, नुसती खाज. मग भाच्याला, मग मला. वहिनीला वाटलं फराळातलं काहीतरी बाधलं. स्किनच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, गरम पाण्याच्या टबात बसला होतात का? स्युडोमोनास नावाचा जंतू असतो, केसांच्या मुळाशी शिरतो. आठ-दहा दिवसांत आपोआप बरं झालं पण पोरांची अख्खी सुट्टी खाजवण्यात गेली, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

माझी चूक काय, तर रविवारी संध्याकाळी निघताना मी टबचा एमसीबी पाडून जायचो. लाइट बिल वाचतं ना. पण मग ते कोमट पाणी झाकणाखाली पाच-सहा दिवस हलतच नाही, फिल्टरमधून जात नाही, क्लोरीन संपून जातं, आणि आपल्याकडच्या हवेत ते तीस-पस्तीस डिग्रीला आरामात राहतं. जंतूंना अजून काय पाहिजे! पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरतो, तो वरून दिसतच नाही. लिजिओनेला, म्हणजे न्यूमोनियासारखा आजार करणारा जंतू, तो पण याच तापमानात वाढतो आणि जेट चालू केले की उडणाऱ्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फुलांच्या एका प्रदर्शनात नुसता बघायला ठेवलेला टब होता, त्याच्या तुषारांमुळे दीडशेच्या वर माणसं आजारी पडली, वीसच्या वर गेली, आणि त्यातलं टबात कोणी बसलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे टब बंद करू नका. तापमान कमी करा, सर्क्युलेशन, म्हणजे फिल्टरमधून पाणी फिरवणारा पंप, दिवसातून दोनदा तरी चालू द्या, झाकण नीट लावा, बिल त्यानेच आटोक्यात राहतं. महिनाभर येणारच नसाल तर पूर्ण रिकामा करा आणि परत आल्यावर आधी पाइप-क्लीनर घालून जेट चालवा, ते पाणी काढून टाका, मग नवीन भरा. क्लीनर टाकल्यावर पहिल्यांदा जेटमधून राखाडी फेस आणि पापुद्रे बाहेर आलेले बघितले तेव्हा मला मळमळलं, याच पाण्यात आम्ही पोरांना बसवत होतो.

दुसरं, क्लोरीन अंदाजपंचे टाकणं. टेस्ट स्ट्रिप घ्या, महाग नसतात. क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम. जेटच्या हवेने पीएच वर सरकतच राहतो आणि तो आठच्या पुढे गेला की क्लोरीन असूनही त्याची ताकद निम्म्याहून कमी होते, म्हणजे डबा रिकामा होतो आणि पाणी गढूळच राहतं. डायक्लोर म्हणजे टबात टाकायची क्लोरीन पावडर, तिच्या ५६ टक्केवाल्या प्रकाराचा हिशोब सोपा आहे, हजार लिटरला २ ग्रॅम टाकले की साधारण १ पीपीएम वाढतं. आणि क्लोरीनचा भपकारा येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं समजू नका, बहुतेक वेळा उलट असतं, घाम-तेलाशी भांडून ते संपलेलं असतं, त्याचा तो वास. अशा वेळी शॉक डोस द्या, म्हणजे एरवीपेक्षा खूप जास्त क्लोरीन एकदम टाका, पंप चालू ठेवून झाकण अर्धा तास तरी उघडं ठेवा, आणि पट्टीवर आकडा ५ च्या खाली आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

पूलवाल्याकडच्या मोठ्या गोळ्या टबात टाकू नका, त्या फार अ‍ॅसिडिक असतात, हीटर खातात. ब्लीचिंग पावडरचा चुना खाली बसतो. आणि हे खरंच लक्षात ठेवा, ब्लीचिंग पावडर आणि डायक्लोर एकाच मगमध्ये, अगदी ओलसर चमच्यानेसुद्धा एकत्र करायचे नाहीत, पेट घेऊ शकतं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. तुरटी फिरवायचा सल्लाही मला मिळालाय, तिने पीएच पडतो आणि सगळा गाळ फिल्टरमध्ये अडकतो. गुलाबाच्या पाकळ्या, बाथ सॉल्ट, डेटॉल, यातलं काही नको.

फेस येत असेल तर केमिकलच्या मागे लागण्याआधी डोक्यावरचं खोबरेल आणि कपड्यातली डिटर्जंट बघा. आधी साबण लावून आंघोळ, मग टब, आमच्याकडे आता पाहुण्यांनाही हाच नियम आहे.

आमचं बोअरचं पाणी जड आहे, हार्डनेस ४५० पीपीएम निघाली, टबाला १५० ते २५० बरी. त्या पाण्याने वर्षभरात हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढला. आता निम्मं पाणी नळाचं भरतो. अशा पाण्यात कार्ट्रिज फिल्टरही पांढरा पडतो, तो साफ करताना आधी तेल काढणाऱ्या क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, धुवा, मगच अ‍ॅसिडने चुना काढा. क्रम उलटा केला तर तेल घड्यांमध्ये कायमचं बसतं. आठवड्याला पाण्याच्या धारेने घडीघडी उघडून धुवायचा आणि एक जादा कार्ट्रिज घरात ठेवायचा.

डिस्प्लेवर एफएलओ (FLO, म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय) आलं की मेकॅनिकला फोन करण्याआधी फिल्टर काढून पंप चालवून बघा. एरर गेली तर फिल्टर चोंदलाय, बाकी काही नाही. नवीन पाणी भरल्यावर आली तर पाइपात हवा अडकलीये, पुढच्या वेळी पाइप फिल्टरच्या खड्ड्यात सोडून भरा.

पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप व्हायला लागला तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, तो काढून डायरेक्ट करून देतो. मी नको म्हटलं. ३० मिलीअँपचा तो आरसीसीबी म्हणजे पाण्यात बसलेल्या माणसाचा जीव आहे. आमच्या हीटरचा एलिमेंट लीक होता, तो बदलल्यावर ट्रिपिंग थांबलं.

तळाची सक्शनची जाळी तुटली असेल तर त्याच दिवशी टब बंद. अमेरिकेत २००२ साली ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी टबच्या ड्रेनला खेचली जाऊन बुडाली, पुढे २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. लांब केस बांधूनच आत बसायचं, पाच वर्षांखालच्या मुलांना बसवायचंच नाही, तापमान ४० च्या वर नाही, आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच.

पाणी कधी बदलायचं? टबाचे लिटर भागिले १२, त्याला रोज सरासरी जितके जण बसतात त्याने भागा, तितके दिवस. माझ्या १२०० लिटरला रोज दोघं धरले तर पन्नास दिवस. जुनं पाणी झाडांना घालायचं असेल तर दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता झाकण उघडं ठेवा, पट्टीवर शून्य आलं की मग खुशाल सोडा.