छोटं डोमेन घेताय? आधी रिन्युअलचा दर बघा

छोटं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, पुढे नफ्यात विकायला घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय; रिन्युअल म्हणजे ते नाव आपल्याकडे ठेवायला दर वर्षी भरायचे पैसे. डॉट कॉममध्ये इंग्रजी अक्षरांची दोन अक्षरी नावं होतात ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. ही सगळी केव्हाच गेलेली आहेत. हवं असेल तर सध्याच्या मालकाकडून घ्या, नाहीतर मुदत संपलेलं नाव लिलावात पकडा. नव्या माणसाला तो भाव झेपत नाही, म्हणून तो डॉट एक्सवायझेडसारख्या नव्या एक्स्टेन्शनकडे (नावातल्या शेवटच्या डॉटनंतरचा भाग) वळतो. मीही वळलो आणि तिथेच अडकलो, म्हणून एवढं एक सविस्तर सांगतो.

नव्या एक्स्टेन्शनमधली छोटी, चांगली नावं रजिस्ट्री (ते एक्स्टेन्शन चालवणारी कंपनी) स्वतःच ‘प्रीमियम’ म्हणून बाजूला काढते. त्यातल्या काहींना फक्त पहिल्या खरेदीला जास्त पैसे पडतात, काहींना मात्र दर वर्षी तोच चढा दर लागतो. खरेदीच्या पानावर ठळक दिसते ती पहिल्या वर्षाची सवलत. रिन्युअलचा आकडा खाली बारीक टाइपात असतो. माझ्या तीन अक्षरी नावाचं पहिलं बिल किरकोळ होतं, दुसरं थेट पाच आकडी आलं. तक्रार केली तर अटींचं पान पुढे आलं. डोमेनचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या करारानुसार रिन्युअलचा दर सगळ्यांना सारखाच हवा, पण नोंदणीच्या वेळी ग्राहकाने चढ्या दराला स्पष्ट संमती दिली असेल तर ती अट लागू होत नाही. आणि ती संमती आपण न वाचता केलेल्या एका टिकमध्ये असते!

डॉट कॉममध्ये ही भानगड नाही. फेसबुकने २०१० मध्ये एफबी डॉट कॉम ८५ लाख डॉलरला घेतलं, तरी त्याचा रजिस्ट्रीचा वार्षिक दर तुमच्या-माझ्या डॉट कॉमएवढाच. म्हणून गिऱ्हाईक यायला दहा वर्षं लागली तरी ते सांभाळता येतं. चढ्या रिन्युअलचं नाव सांभाळणं परवडत नाही, आणि घेणाराही तो बोजा धरूनच भाव पाडतो.

किंमत काढताना आपोआप आकडा देणाऱ्या साइट्सवर विसंबू नका. नेमबायो या डोमेनच्या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर जुन्या विक्री बघा, पण एक्स्टेन्शन तेच, अक्षरांची ठेवण तीच आणि वर्ष अलीकडचं हवं. २०१५ मध्ये चिनी गुंतवणूकदारांनी स्वर आणि ‘व्ही’ नसलेल्या चार अक्षरी नावांचे भाव आभाळाला नेले. पुढच्याच वर्षी ते कोसळले. त्या वर्षीचा भाव आज दाखवणारा माणूस तुमच्या गळ्यात माल मारतोय. या धंद्यात कुणाला गुरू करायचंच असेल तर त्याच्याकडे विक्रीचे स्क्रीनशॉट नका मागू, त्याच वर्षाची रिन्युअलची बिलं मागा.

तीन अक्षरं कुठल्या ना कुठल्या कंपनीची आद्याक्षरं असणारच, त्याला घाबरू नका. पण त्या कंपनीला स्वतःहून मेल टाकून भाव सांगू नका. यूडीआरपी (ट्रेडमार्कवरून होणारे डोमेनचे वाद सोडवायची पद्धत) खाली तक्रार झाली तर तोच मेल तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतो. डॉट इनसाठीही तशीच आयएनडीआरपी आहेच.

चढ्या रिन्युअलचं नाव आधीच घेऊन बसला असाल तर हातपाय गाळू नका, तुम्ही एकटे नाही आहात. ऑटो-रिन्यू आजच बंद करा, मुदत संपेपर्यंत मिळेल त्या भावाला विक्रीला लावा आणि नाही गेलं तर सोडून द्या. गेलेले पैसे वसूल करायचे म्हणून आणखी एक वर्ष भरू नका.