इमॅजिकाला जोडून समुद्र: लेकरांसाठी किनारा कसा निवडावा

खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कची सहल ठरली की मराठवाड्यातल्या घरात कुणीतरी म्हणतंच, “एवढं तिथवर चाललोच आहोत, तर लेकरांना समुद्रही दाखवून आणू.” बरोबरच आहे. खोपोलीला पोचलेल्या माणसाला अलिबाग दोन-अडीच तासांवर, आणि हिंगोली-परभणीच्या माणसाला असा योग काही वरचेवर येत नाही. पण पार्कची तिकिटं महिनाभर आधी काढणारी हीच मंडळी किनारा मात्र आदल्या रात्री मोबाईलवर रील बघून ठरवतात. रीलमध्ये वाळू पांढरी दिसते आणि सूर्यास्त झकास दिसतो. लेकरू पाण्यात पाच पावलं गेल्यावर पायाखालची वाळू कुठवर राहते, ते मात्र दिसत नाही.

लेकरं बरोबर असतील तर दोनच गोष्टी आधी बघायच्या: किनाऱ्याचा उतार आणि त्या दिवशीची भरती-ओहोटी. खोली, जेवण, बाजार हे सगळं त्याच्या मागून.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. आपल्याकडची पोरं विहिरीत, कॅनॉलवर पोहायला शिकतात आणि तशी तयारीची असतात. म्हणून घरचेही निर्धास्त असतात, “त्याला येतंय पोहता.” पण विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं आणि कॅनॉलचं एकाच दिशेला वाहतं. समुद्राचं पाणी ढकलतं, ओढतं, आणि पायाखालची वाळूही काढून नेतं. समुद्रावर सगळ्यांना नवशिकं धरूनच बेत आखा, मामा-काकांसकट.

पहिलं काम: कॅलेंडर उघडा

महिना आधी बघा. जून ते सप्टेंबर समुद्र वगळा. त्या दिवसांत पार्कला खुशाल जा, घाटातला पाऊसही बघा. पण दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाच बंदी असते आणि कोळी आपल्या होड्या वर ओढून ठेवतात. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते जिथे उतरत नाहीत, तिथे आपण लेकरं घेऊन कशाला जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. मे महिन्यात जाता येतं, पण आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही. पारा संभाजीनगरपेक्षा कमी असतो, पण घाम वाळत नाही आणि बारकी लेकरं दुपारपर्यंत किरकिरी होतात.

मग तिथी बघा. हो, तिथीच. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा हिशोब बसतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. नक्की वेळ निघायच्या आधी इंटरनेटवरच्या भरतीच्या तक्त्यात बघता येते, पण तारखा ठरवायला घरातलं कॅलेंडर पुरतं.

याचा उपयोग असा. पाणी ओसरत असताना ओढ आतल्या बाजूला, समुद्राकडे असते. पूर्ण ओहोटी होऊन पाणी पुन्हा चढायला लागलं की पुढचे दोनेक तास लेकरांसाठी त्यातल्या त्यात चांगले. त्या हिशोबाने चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहानंतरची वेळ सापडते, एकादशी-द्वादशीला दुपारी तीन-चारनंतरची. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरकच कमी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि तेवढंच झपाट्याने उतरतं. चांदण्यासाठी पौर्णिमा गाठणारे बरेच असतात. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास होऊन जाते, आणि संध्याकाळी लोक पाण्यात उतरतात तेव्हा ते जोरात मागे जात असतं. चांदणं वाळूवर बसून बघा.

दिवाळीचंच घ्या. भाऊबीज आटोपून तृतीयेला निघालात, चतुर्थीला इमॅजिका केलं, तर पंचमीला समुद्रावर. पाचची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमाराला ओहोटी, नंतर पाणी चढतं. नाश्ता करून दहाला वाळूवर, बाराला खोलीवर. याहून सोयीचं वेळापत्रक सापडायचं नाही.

मग दिशा ठरवा: अलिबाग की दिवेआगर

इमॅजिका खोपोली–पाली रस्त्यावर आहे. तिथून समुद्राला जायच्या आपल्या कामाच्या वाटा दोन.

एक वाट पेण, वडखळवरून अलिबागला. साधारण ७० किलोमीटर. ज्यांच्याकडे समुद्रासाठी एकच मुक्काम आहे त्यांनी दुसरा विचार करू नये. अलिबाग गावचा किनारा तसा काळपट, गर्दीचा, पोहायला फार देखणा नाही. पण समोर कुलाबा किल्ला आहे आणि ओहोटीला तिथवर चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. पाण्यातून चालत किल्ल्यावर जाणं हे देवगिरी बघून मोठ्या झालेल्या लेकरांना आयुष्यभर लक्षात राहील. पाणी चढायला लागायच्या आत परत फिरायचं, एवढं पाळा, आणि वाट उघडी आहे की नाही ते घोडागाडीवाल्याला विचारूनच पाय टाका. मुक्कामाला मात्र गावाबाहेर पडा. दक्षिणेला आक्षी आणि त्याला लागून नागाव, उत्तरेला वरसोली. आक्षीची वाळू घट्ट आणि उतार हलका. सुरूच्या झाडांची सावली असते, आजी-आजोबांना बसायला जागा मिळते. नागावला वॉटर स्पोर्ट्सची वर्दळ जास्त. कॉलेजची पोरं बरोबर असतील तर नागाव, चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर माझं मत आक्षीला.

दुसरी वाट पाली, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर-श्रीवर्धनला. तीन-साडेतीन तास धरा, शेवटचा रस्ता वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांची सोय करून ठेवा. दोन मुक्काम असतील तरच हिकडे वळा. पण किनारा बघाल तर कित्येक किलोमीटर सरळ, सपाट पसरलेला. गाव सुपारीच्या वाड्यांतलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात धडकलं आणि इथल्या वाड्या आडव्या झाल्या. घरगुती जेवणाची सोय चांगली, शाकाहारी माणसाला कानकोंडं व्हावं लागत नाही, उकडीचे मोदक सांगून ठेवता येतात. जाताना वाटेत पालीचा बल्लाळेश्वर होतो. महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे, म्हणजे अष्टविनायकातले दोन याच फेरीत. ज्या घरात आईला “नुसतं खेळायला एवढं लांब?” असं वाटत असतं, तिथे हा मार्ग लगेच पास होतो.

आता काशीद. फोटोत सगळ्यात सुंदर तेच, म्हणून नाव सगळ्यांच्या तोंडी. वाळू खरंच पांढरट आहे. पण उतार जास्त, लाट जोराची आणि बुडाल्याच्या बातम्याही नेमाने येतात. बघायला जा, घोडा-उंटावर बसवा, नारळपाणी प्या. लेकरांना पाण्यात घालायला ही जागा नव्हे. हरिहरेश्वरला दर्शन घ्या, पण खडकांवरची प्रदक्षिणा पाणी खाली असतानाच, आणि लेकरांचा हात धरून.

मुरूडचा किनारा दिसायला शांत आणि सपाट. तिथेच १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. सपाट किनारा बरा, हे खरं. पण किती वाजता आणि कुठवर जायचं, हे सपाट किनाऱ्यावरही सांभाळावंच लागतं.

दिवस असे लावा

पार्क आधी, समुद्र नंतर. उलटं केलं तर मीठ-वाळूने सोललेली लेकरं रांगेत उभी करावी लागतात, आणि उन्हाने भाजलेल्या खांद्यावर राइडचा पट्टा बसतो. पार्कला आठवड्याच्या मधला वार धरा, रांगा छोट्या मिळतात. पार्क सुटल्यावर रात्रीच समुद्राकडे निघायचा मोह टाळा. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने अनोळखी रस्त्यावर रात्री गाडी हाकू नये. खोपोलीच्या आसपास झोपा, सकाळी निघा.

लातूर, धाराशिव, परळी, परभणी, नांदेडकडच्यांना नांदेड–पनवेल रेल्वे सोयीची. पनवेलहून पार्कही जवळ आणि अलिबागही. संभाजीनगर-जालन्याची मंडळी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने कल्याणला उतरून खोपोली लोकल पकडू शकतात. नांदेडकरांना रामोजी फिल्म सिटी जवळ पडते हे कबूल, पण हैदराबादला समुद्र कुठून आणणार.

खोली ठरवताना फोनवर विचारा

“बीच टच आहे का?” या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा: वाळूपर्यंत चालत किती मिनिटं, मध्ये गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो का? जवळ खाडीचं तोंड किंवा ओढा समुद्राला मिळतो का? (मिळत असेल तर पोहायला तिथून लांब जायचं, तिथे ओढ असते.) किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का, किती वाजेपर्यंत? समुद्रावरून आल्यावर अंग धुवायला बाहेर नळ आहे का? शेवटच्या प्रश्नावर मालक मोकळेपणाने बोलायला लागला तर समजा, घर लेकुरवाळ्यांच्या सवयीचं आहे. ज्वारीची भाकरी मागू नका, तांदळाची मिळेल आणि गरम असेल तर आजोबाही नाव ठेवणार नाहीत.

वाळूवर पोचल्यावर

लगेच पाण्यात नाही. पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. लांबून हळूहळू फुटत, फेस पसरत येणारी लाट म्हणजे उतार हलका. काठाशीच उभी राहून धपकन आपटणारी लाट म्हणजे पुढे वाळू एकदम खोल. मग घरातल्या एका मोठ्या माणसाने एकट्याने आत जाऊन बघावं. वीस पावलांवरही पाणी गुडघ्याखालीच असेल तर लेकरांना बोलवा. पाच-सात पावलांतच कमरेला लागलं तर त्या जागी फक्त वाळूचा किल्ला. दोन लाटांच्या पट्ट्यांमध्ये एखादी जागा शांत, गढूळ आणि लाट न फुटणारी दिसली तर ती सुरक्षित समजू नका. काठावर आलेलं पाणी परत जायची वाट बहुतेक वेळा तीच असते.

अशा ओढीत कुणी सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर यायचं. मागून घरच्यांनी साखळी करून आत धावू नये; जीवरक्षकाला बोलवा, दोर किंवा रिकामा कॅन फेका, ११२ लावा.

लेकरांना भगवे, लाल, पोपटी कपडे घाला. निळं-पांढरं पाण्यात दिसत नाही. एका मोठ्या माणसाकडे एकच लेकरू, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नको. हवेची ट्यूब सकाळी तर अजिबात नको: शाळेत शिकलेले मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि ट्यूब लेकरासकट तिकडेच निघते. बायकांनी साडी किंवा ओढणी घेऊन लाटेत उभं राहू नये. भिजली की जड होते आणि पायात गुंडाळते. सलवार-कुडता बरा, ओढणी पिशवीत. गाडी वाळूवर नेऊ नका, कुणी कितीही नेत असलं तरी. चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव.

परतीला रविवार दुपार टाळा. अख्खी मुंबई आणि पुणं त्याच वेळी वडखळवरून निघतं. सोमवारी सकाळी सहाला गाडी काढली तर जेवायला पुण्याच्या पुढे असाल. नांदेड-हिंगोलीच्यांनी वाटेत एक मुक्काम धरलेलाच बरा.