टीम सलग हरतेय? मग मॅनेजरसाहेब, या चुका टाळा

फुटबॉलमध्ये चार-पाच मॅच सलग गेल्या की मॅनेजरची, म्हणजे मुख्य कोचची, खुर्ची डगमगणारच, त्यात नवीन काही नाही. पण बऱ्याचदा हरल्यामुळे नाही, तर हरल्यावर माणूस जे काय बोलतो त्याने खुर्ची जाते. रात्री दीडला जागून मॅच बघणाऱ्या आपल्याला हे कळतं, मग डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावर, बसलेल्या मॅनेजरला का कळत नाही देव जाणे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपल्याच माणसांवर चारचौघात खापर फोडणं. चेल्सी या इंग्लिश क्लबचा तेव्हाचा मॅनेजर मोरिन्योचंच बघा. मे २०१५ ला चेल्सीला इंग्लिश लीगचं चॅम्पियन केलं आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच लीग मॅचला स्वान्सीशी २-२ झाल्यावर बाबा चिडले कुणावर, तर टीमच्या डॉक्टरवर! चेल्सीचा खेळाडू हॅझार्ड पडला म्हणून डॉक्टर इव्हा कार्नेरो आणि फिजिओ मैदानात धावले, नियमाने हॅझार्डला बाहेर जावं लागलं, गोलकीपर कोर्टुआ आधीच रेड कार्डने बाहेर, त्यामुळे थोडा वेळ नऊच जण उरले, आता यात तिचं काय चुकलं? पण साहेबांनी दोघांना जाहीर झापलं. मग डिसेंबरात लेस्टरकडून २-१ हरल्यावर म्हणाले माझ्या मेहनतीशी दगाफटका झाला. तीन दिवसांत हातात नारळ. १६ पैकी ९ मॅच हरलेले, टीम १६ व्या नंबरवर.

म्हणून प्रेससमोर चूक आपल्या अंगावर घ्या. कुणाला काय सुनवायचं ते ड्रेसिंग रूमचं दार लावून, व्हिडिओ दाखवून, आणि तेही त्याच रात्री नको, डोकी तापलेली असतात.

दुसरं, 'मी असंच खेळणार' हा हट्ट. नोव्हेंबर २०२३ ला मॅनेजर पोस्टेकोग्लूच्या टॉटनहॅमचे दोन जण रेड कार्डने बाहेर, तरी उरलेल्या नऊ जणांची डिफेन्स लाइन (बचावाची फळी) जवळपास मैदानाच्या मध्यरेषेवर! चेल्सीने ४-१ धुतलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या हो, पण टाळ्यांचे पॉइंट मिळत नाहीत. २०२४-२५ ला लीगमध्ये ३८ पैकी २२ मॅच हरून १७ वा नंबर. गंमत म्हणजे स्पेनमधल्या बिल्बाओला युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये हाच माणूस टीमला मागे ठेवून, बचाव करत खेळला आणि मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून कप घेऊन आला. म्हणजे जमत होतं की! पण तोवर उशीर झालेला, कप जिंकून १६ दिवसांनी घरी. तेव्हा हारीची रांग लागली की आधी गोल खाणं बंद करा, फुलबॅकना (कडेच्या बचावपटूंना) वर पळू देऊ नका, ०-० पण चालेल.

नावाला भुलून तीच टीम उतरवणं ही आणखी एक. मॅनेजर आर्टेटाचं आर्सेनल डिसेंबर २०२० ला सात लीग मॅच जिंकलं नव्हतं, १५ व्या नंबरवर होतं. २६ डिसेंबरला चेल्सीसमोर २० वर्षांचा स्मिथ रो, १९ चे साका आणि मार्टिनेली, ३-१ जिंकले. नेहमीचा मोठ्या नावाचा विलियन आजारी होता, त्यामुळे अर्धा निर्णय नशिबानेच घेतला म्हणा, पण नंतर आर्टेटाने पोरांना बाकावर बसवलं नाही, हे त्याचं.

आणि क्लबच्या बोर्डवाल्यांनो, घाई तुम्हीपण करू नका. २०२४ ला मिडफिल्डर रॉड्रीचा गुडघा गेला आणि मँचेस्टर सिटी १३ पैकी ९ मॅच हरली. त्याच पडझडीत २१ नोव्हेंबरला मॅनेजर पेप गार्डिओलाचा करार वाढवला, दोन दिवसांनी घरच्या मैदानात टॉटनहॅमकडून ०-४! तरी सीझन संपला तेव्हा तिसरा नंबर. अर्थात पेपच्या खिशात सिटीला जिंकून दिलेल्या सहा लीग होत्या, तुमच्या खिशात नसतील तर एवढं कुणी थांबायचं नाही.