इंग्रजी अनेकवचनातला 'एस': कुठे स, कुठे झ

अनेकवचन लिहिताना आपण एस जोडतो आणि बोलताना सगळीकडे 'स' म्हणतो: डॉग्स, पेन्स, बॉइस. प्रत्यक्षात या एसचे उच्चार तीन आहेत, आणि शाळेत शिकलेली कठोर-मृदू व्यंजनं इथे थेट उपयोगी पडतात.

शब्दाच्या शेवटी क, ट, प, फ असा कठोर आवाज असेल, तर 'स': बुक्स, कॅट्स, कप्स. शेवटी ग, ड, ब, व्ह, म, न, ल असा आवाज किंवा स्वर असेल, तर झेरॉक्समधला 'झ': डॉग्झ, पेन्झ, बॉइझ, शूझ. शंका आली तर गळ्यावर बोट ठेवून शेवटचा आवाज काढून बघा. कंप जाणवला की झ.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त चुकतो. शेवटी स, झ, श, च किंवा ज ऐकू आला की पूर्ण 'इझ' लागतो, शब्दाच्या उच्चारात एक तुकडा वाढतो: बसिझ, डिशिझ, बेंचिझ, पेजिझ. इथे स्पेलिंगवर अजिबात जाऊ नका. पेजला लिहिताना नुसता एस लागतो, तरी उच्चार वाढतोच. हाउसचं तर हाउझिझ होतं, मधला स सुद्धा बदलतो. नाइफचं नाइव्ह्झ होतं, कारण तिथे फचा व्ह झालेला असतो. रूफचं मात्र रूफ्सच राहतं.

क्रियापदांच्या एसलाही हाच नियम: वॉक्स, रन्झ, वॉचिझ.