जुन्या वर्कस्टेशनवर लिनक्स टाकताय? आधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या दुकानात जुन्या झिऑन (इंटेलचा वर्कस्टेशन-सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) मशीनांची रांग लागली आहे. कुपवाड एमआयडीसीतले ड्रॉइंगवाले, मिरजेचे फाउंड्रीवाले, इंजिनिअरिंगची पोरं आणि "यूट्यूबवर बघितलं, वीस मिनिटांत होतंय" म्हणणारे सगळेच. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली ही वर्कस्टेशनं सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात. लोखंड अजून दणकट आहे, चुका स्वतः सुधारणारी ईसीसी रॅम आहे, पॉवर सप्लाय तर आजच्या नव्या मशीनला लाजवेल असा. पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. मग लिनक्स टाकायचं ठरतं. निर्णय चांगलाच आहे. फक्त माझ्याकडे येईपर्यंत त्याचं एकच वाक्य झालेलं असतं: "लिनक्स चालत नाही ओ ह्याच्यावर."

चालतं. सोयरीक जमवताना आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो, आणि बारा वर्षं कुठल्या तरी ऑफिसात राबलेल्या मशीनला काहीही न विचारता पेनड्राइव्ह खुपसतो. घोळ तिथे होतो.

बॅटरी न बदलणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिणार.

कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्या शेठनी २०१२-१३ च्या काळातलं झिऑन वर्कस्टेशन घेतलं. फ्रीकॅडवर ड्रॉइंग करायची, बाकी काही नको. मी त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, यूईएफआय मोडमध्ये (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत, जुनी ती लेगसी), अगदी पुस्तकाबरहुकूम. दोन दिवस माझ्या टेबलावर चाललं. दहा वेळा रिस्टार्ट केलं, एकदाही कुरकुर नाही. शेठ घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन. "सर, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतंय की ओ."

गेलो. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरलो, बूट मोड लेगसीवर गेलेला दिसला. म्हटलं कुणीतरी हात लावला असेल. यूईएफआय केलं, सुरू झालं, चहा घेऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नऊला फोन. आता मला डिस्कचा संशय. डिस्क तपासली, ठणठणीत. सॅटा केबल बदलली. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, पुन्हा बसवला. सुरू झालं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेठच्या ऑपरेटरनं तोवर जाहीर करून टाकलं होतं की फुकटची सिस्टिम अशीच असते.

त्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. सहा वाजले, पोरांनी हात धुतले, आणि शेठनी जाता जाता भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. एकदा शॉर्टसर्किट झाल्यापासूनचा त्यांचा नियम आहे. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.

मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची बटणाएवढी बॅटरी असते. बायॉसच्या सेटिंग आणि घड्याळ ती सांभाळते. पण प्लग लावलेला आणि स्विच चालू असला, की मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायमधून थोडी वीज बोर्डला मिळत राहते आणि बॅटरीवर भार येत नाही. माझ्या टेबलावर ते मशीन दोन दिवस प्लगमध्येच होतं, म्हणून मेलेली बॅटरी जिवंत वाटली. शेठच्याकडे रोज रात्री वीज पूर्ण तुटायची आणि रोज सकाळी बायॉस कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा. या मशीनचा कोरा बायॉस म्हणजे लेगसी मोड, कारण ते विंडोज ७ च्या जमान्यातलं. मीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २ च्या आसपास. बायॉसच्या कोपऱ्यात तारीखही कित्येक वर्षं मागची दिसत होती. दोन्ही वेळा तिथे जाऊन ती मी वाचली नव्हती, कारण माझा डोळा सरळ बूट मेन्यूवर. बॅटरी आली किरकोळ पैशात. कुपवाडच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट.

तेव्हापासून सेकंडहँड मशीन आलं की आधी बॅटरी नवी, मग बाकीचं. मीटर लावून वगैरे बघत बसत नाही, थेट बदलतो. काही इंजिनिअर मंडळी हसतात, हसू देत.

बॅटरी मेल्याची आणखी एक खूण सांगून ठेवतो. ब्राउझर प्रत्येक साइटला 'सर्टिफिकेट वैध नाही' म्हणतो, किंवा पॅकेज अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असा मजेदार निरोप येतो. सर्व्हर ठीक असतो, तुमचं मशीन भूतकाळात जगत असतं.

यूईएफआय आणि लेगसीची खिचडी

वरच्या गोष्टीचाच हा दुसरा भाग. बूट मेन्यू उघडला (एचपीला एफ९, डेलला एफ१२, लेनोव्होच्या थिंकस्टेशनलाही एफ१२) की बऱ्याचदा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआयखाली आणि एकदा लेगसीखाली. उतावीळ माणूस वरचा दाबतो. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये सुरू झाला त्याच मोडचा ग्रब बसवतो, त्याला तुमच्या मनातलं कळत नाही. मग शेवटी 'ग्रब बसवता आलं नाही' येतं, किंवा सगळं बसतं आणि रिस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकते.

आपण कुठल्या मोडमध्ये आलोय ते कळायला लाइव्ह सिस्टिममध्ये फाइल मॅनेजर उघडा, रूटखालच्या 'सिस' फोल्डरात जा, आत 'फर्मवेअर'. तिथे 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते करून आलेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही.

एचपी झेड४०० किंवा डेल प्रिसिजन टी३५०० या पिढीत यूईएफआय नाहीच. तिथे ते शोधत बसू नका, लेगसीत टाका, डिस्कला जुनं एमबीआर टेबल (पार्टिशनांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) द्या आणि मोकळे व्हा. डिस्क २ टीबीच्या वर असेल तर मात्र एमबीआरला ती पूर्ण वापरता येत नाही. मग जीपीटी हे नवं टेबल करा आणि ग्रबसाठी १ एमबीचं 'बायॉस बूट' पार्टिशन सोडा. ते विसरलात तर ग्रब बसणार नाही.

झेड४२०, टी३६०० पासून पुढे यूईएफआय आलं, पण ते पहिलटकरणीचं. इथे माझी सवय ऐका, पुस्तकात मिळणार नाही: आधी बायॉसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' दाबतो, रिस्टार्ट करतो आणि मशीन आपणहून कुठल्या मोडवर जातं ते बघतो. त्याच मोडमध्ये सिस्टिम टाकतो. उद्या बॅटरी मेली, कुणी जंपर हलवला, तरी मशीन जिथे पडेल तिथे लिनक्स उभं असेल. शेठच्या मशीनवर शेवटी हेच केलं, लेगसीत पुन्हा टाकलं. यूईएफआयच आधुनिक म्हणून वाद घालणारे भेटतात. त्यांनी कुपवाडला तीन फेऱ्या माराव्यात.

काळा पडदा आला की पॉवर बटण दाबणं

एका पोरानं सात वेळा सिस्टिम टाकली होती. सात. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की पॉवर बटण दाबून बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. "मर्दा, सातव्यांदा काय वेगळं होईल असं वाटलं?" म्हटलं तर म्हणतो, "यावेळी उबुंटू बदलून मिंट घेतलेलं, दादा."

या मशीनांत बहुधा एनव्हिडियाचं क्वाड्रो कार्ड असतं. पडदा काळा झाला तरी मागे सिस्टिम पुष्कळदा चालूच असते, चित्र तेवढं येत नाही. ग्रबच्या मेन्यूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा (इंग्रजी छोट्या अक्षरांत, सलग एक शब्द) आणि कंट्रोल-एक्स दाबा. चित्र जाडंभरडं येईल, पण येईल. हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं. कायमचं तसंच ठेवलं तर कार्ड असून नसल्यासारखं.

त्याआधी केबल बघा. या कार्डांना तीन-चार तोंडं असतात आणि सुरू होताना ती सगळी सारखी वागत नाहीत. डिस्प्लेपोर्टवरून स्वस्तातल्या कन्व्हर्टरनं व्हीजीएत गेलात तर निम्मे 'काळे पडदे' तिथेच सापडतील. त्या पोराचंही तेच होतं. कन्व्हर्टर काढला, डीव्हीआय लावलं, झालं.

आता ड्रायव्हर. क्वाड्रो ६००, २०००, ४००० ही फर्मी पिढी. त्यांचा शेवटचा ड्रायव्हर ३९० मालिकेतला आणि एनव्हिडियानं त्याचा सपोर्ट २०२२ अखेर थांबवला. के६००, के२०००, के४००० ही केप्लर. त्यांची ४७० मालिका २०२४ मध्ये थांबली. म्हणजे आजच्या ताज्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) हे ड्रायव्हर बसवायचे म्हणजे म्हाताऱ्याला नवं धोतर बळंच नेसवायचं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून टर्मिनलमध्ये चालवणारे तर माझे विशेष लाडके: आज चालतं, पुढच्या कर्नल अपडेटला पडदा पुन्हा काळा, आणि मग फोन. कर्नलबरोबर येणाऱ्या 'नूवो' ड्रायव्हरवर रहा. वेग कमी मिळतो, पण दुमितीय ड्रॉइंग, ऑफिस, ब्राउझर एवढ्याला पुरतो. वेग हवाच असेल तर बाजारातून जुनं एएमडीचं कार्ड आणा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याच्याशी भांडावं लागत नाही.

बाकीच्या, भरभर

नाव मोठं म्हणून भलतंच डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घेणं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ ही सूचनांची सोय असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचा. झिऑन ई५ ची पहिली आणि 'व्ही२' पिढी त्यात बसत नाही, रॉकी १० लाही तीच अट. अल्मालिनक्स १० नं जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे. मी डेबियन किंवा मिंट टाकतो, हा प्रश्नच येत नाही.

रॅम कमी म्हणून ३२ बिट शोधू नका. तुमचं झिऑन ६४ बिट आहे, आणि डेबियन १३ नं तर ३२ बिटचा इन्स्टॉलर देणंच बंद केलं.

डिस्क इन्स्टॉलरला दिसत नाही? बायॉसमध्ये सॅटा मोड 'रेड' (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) वरून साध्या 'एएचसीआय' वर करा. तरीही चित्रविचित्र नावानं दिसली तर जुन्या मालकाच्या रेडच्या खुणा तिच्यावर राहिल्यात. 'वाइपएफएस' या कमांडनं त्या पुसा. डेटा जातो, हे सांगायला नको. पण सांगावं लागतं.

एनव्हीएमई डिस्क (नव्या जातीची वेगवान एसएसडी) पीसीआय कार्डावर बसवून तिच्यावरून बूट करायचा हट्ट: या काळातले बहुतेक बायॉस तिला ओळखत नाहीत. बूट पार्टिशन साध्या सॅटा एसएसडीवर ठेवा, बाकी सिस्टिम एनव्हीएमईवर.

निळ्या यूएसबी पोर्टवरून इन्स्टॉल होत नसेल तर काळ्या पोर्टला लावा. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करू नका, रुफस किंवा एचर या प्रोग्रामनं लिहा आणि आधी चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा.

इन्स्टॉलर कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर मरतो, दर वेळी वेगळी एरर? रॅम. मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर लावा. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही चालतं. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन वेगळ्या जातींच्या रॅम पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर टेस्टपर्यंतही पोचणार नाही. दोन प्रोसेसरच्या मशीनला रॅम दोघांच्याही वाट्याला द्या.

वायफाय डाँगलशी इन्स्टॉल करतानाच झुंजू नका. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, काम उरका. डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरातच येतं, त्यामुळे ही कटकट तशी कमी झाली आहे.

दोन डिस्क असतील तर ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल काढून ठेवा. पार्टिशनच्या पडद्यावर 'मी नीट बघीन' असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. स्वतःवरही नाही. एका अडत दुकानाचा सगळा हिशोब 'इरेज डिस्क'च्या एका क्लिकनं जाताना बघितलाय.

अडतीवरून आठवलं: मार्केट यार्डातून आलेलं मशीन आधी उघडा. हीटसिंक पिवळी धमक असते, हळदीनं. दुकानाबाहेर, वारा बघून ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट नवी लावा, मग सिस्टिमचं बोला. नाहीतर मे महिन्यात इन्स्टॉल अर्ध्यात असताना मशीन तापून बंद पडतं आणि नाव लिनक्सचं. आणि २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात भिजून 'वाळवलेलं' मशीन कुणी देत असेल, तर फुकट असलं तरी घेऊ नका. सॉकेटमधला गंज आज गप्प असतो, पुढच्या पावसाळ्यात बोलतो.

अडलंच तर फोनवर "एरर आली" एवढंच सांगू नका. पडद्याचा फोटो पाठवा, मशीनच्या मागच्या स्टिकरचाही पाठवा, आणि बॅटरी बदलली की नाही ते आधी लिहा. रविवारी दुकान बंद असतं.