मोठा तंबू, अरुंद जागा: मुक्कामाला जाताना या चुका टाळा

आमचा ६ जणांचा तंबू पहिल्यांदा उभा राहिला तो गगनबावड्याकडच्या एका शेतात. भातकापणी झाली होती, मालकानं आनंदानं परवानगी दिली होती. पण तिकडची शेतं म्हणजे उतारावर टप्प्याटप्प्यानं काढलेल्या पट्ट्या. आम्हाला मिळालेली पट्टी १२ फूट रुंद, तंबू १० बाय ९. तंबू बसला, पण दोऱ्यांना जागा उरली नाही. एका बाजूच्या खुंट्या बांधाच्या भुसभुशीत कडेला ठोकाव्या लागल्या. रात्री वारा सुटला आणि त्या ढेकळांसकट उपसून आल्या. लेकरांना गाडीत झोपवून आम्ही मोठी माणसं पहाटेपर्यंत कापड धरून बसलो. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खोक्यावरच्या मापावर जागा ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या निम्म्या अडचणी हिच्यातूनच निघतात. खोक्यावर लिहिलेलं माप तंबूच्या तळाचं असतं. ताणाच्या दोऱ्या चारी बाजूंना साधारण ३-३ फूट बाहेर जातात, म्हणजे १० बाय ९ च्या तंबूला १६ बाय १५ फूट मोकळी जमीन हवी. पुढं पडवीसारखा भाग असेल तर त्याचे ३-४ फूट वेगळे. आणि ‘६ जणांचा’ म्हणजे ६ जण खांद्याला खांदा लावून, मधे एकही पिशवी न ठेवता. सामानासकट त्यात ४ जण नीट झोपतात.

आता आम्ही एक सोपी युक्ती करतो. घराजवळच्या मैदानात तंबू एकदा पूर्ण उभा करायचा, दोऱ्या ताणायच्या आणि सगळ्यात बाहेरच्या खुंट्यांभोवती सुतळी फिरवायची. चार कोपऱ्यांवर गाठी मारून ती तंबूच्याच पिशवीत ठेवायची. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर गाडीतून एकही नग उतरवण्याआधी चौघांनी चार गाठी धरून उभं राहायचं. झाडाच्या वाळक्या फांद्या, आग्या मोहोळ, मुंग्यांची वारुळं, येण्याजाण्याची पायवाट, सगळं त्या चौकोनात उभं राहिलं की दिसतं. मोहोळ दिसलं तर जागा सोडाच. चुलीचा धूर वर गेला की माश्या उठतात.

जागा थोडक्यासाठी कमी पडत असेल तर तंबू तिरका फिरवून पाहा. पडवी न ताणता गुंडाळून ठेवता येते. एखादी दोरी शेजारच्या जिवंत, जाड बुंध्याला बांधता येते. गाडीला मात्र बांधू नका, रात्री कुणी विसरून गाडी काढली तर तंबू आतल्या माणसांसकट ओढला जाईल. दोरी आखूड करून खुंटी तंबूला चिकटवणं हा उपाय नाही: दोरी जितकी उभी, तितकी ती खुंटीला वर उपसते. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं. एवढं करूनही बसत नसेल तर एका मोठ्या तंबूऐवजी दोन लहान तंबू नेणंच शहाणपणाचं.

रश्श्याचं पातेलं तंबूच्या दारात

आपण कोल्हापूरकर मुक्कामाला निघालो की मोठं पातेलं, परात, शेगडी, सिलिंडर, पाण्याचे कॅन आलेच. तांबडा-पांढरा तंबूबाहेरच शिजणार, मग त्याची जागाही आधीच धरायला हवी. स्वयंपाकाला किमान ८ बाय ८ फूट, तीही तंबूपासून १०-१२ फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा तंबूकडून चुलीकडं वाहील अशी. तंबूचं कापड पॉलिएस्टरचं किंवा नायलॉनचं, एक ठिणगी पुरते. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत घेणं तर जिवावरचं काम आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. कितीही गारठा असो, हे करू नका.

दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. अंधारात उकळतं पातेलं घेऊन चालणाऱ्याला त्या दिसल्या पाहिजेत.

जमीन न बघणं

पन्हाळा, मसाई पठार इथं मातीच्या पातळ थराखाली जांभा लागतो. बारीक खुंट्या तिथं वाकतात. अशा वेळी दोरी आडव्या काठीला बांधा आणि काठीच्या पुढं, म्हणजे तंबूच्या बाजूला, जड दगड टेकवा. पण त्यासाठी तटबंदीचा किंवा कुणाच्या गडग्याचा एकही दगड हलवू नका.

भातशेतात धसकटं तळाला भोकं पाडतात, आधी ती काढून घ्या. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून २-३ इंच आत असावी. बाहेर आली तर वळवाचं पाणी तिच्यावर पडून थेट तंबूखाली जातं. धरणाच्या काठावर पाण्याची जुनी रेघ कुठवर आहे ते पाहून तिच्या वर जागा घ्या. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नको, तो गव्यांचा मुलूख आहे.

हिवाळ्यात दव पडून नायलॉनचं कापड सैल होतं. झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच शेतावर गेलो, या वेळी सुतळी घेऊन. दोन मिनिटांत कळलं की पट्टी पुरत नाही. मालकाला गाठी दाखवल्या, तर त्यांनी घरामागचं खळं दाखवलं: सपाट, चांगलं २० फुटांचं. जमीन इतकी चोपलेली, की खुंट्यांच्या जागी आधी तांब्याभर पाणी ओतून ती मुरू द्यावी लागली. त्या रात्रीही वारा सुटला. एकही खुंटी हलली नाही.