गावात बहिणाबाईंचा स्मृतिदिन कसा करायचा

३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन असतो, १९५१ साली त्या जळगावात वारल्या. आपल्याकडे खानदेशात बऱ्याच ठिकाणी काय होतं, फोटोला हार, पाहुण्यांची भाषणं, चहा, झालं. पण ज्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ज्यांनी सगळं शेतात नि जात्यावर बसून गात रचलं त्यांचा दिवस गाण्यांनीच व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी वेळ ठरवा. त्या दिवसांत कापूस वेचणी चालू असते, बाया दिवसभर वावरात, म्हणून दुपारचा कार्यक्रम ठेवूच नका. रात्री जेवणं आटोपल्यावर ठेवा, नाहीतर सरळ भरीत-भाकरीचंच जेवण ठेवा, वांगी तेव्हा चांगली मिळतात आणि माणसं आपोआप थांबतात.

बॅनर छापायला टाकताना फोटो स्वतः द्या. दुकानदार नेटवर शोधतो आणि कधीकधी तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई असतात ना, सतराव्या शतकातल्या, त्यांचं चित्र येऊन बसतं. कविता पण व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, कुणाच्याही ओळी त्यांच्या नावावर फिरत असतात, 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तक समोर ठेवूनच निवडा.

आता मुख्य कार्यक्रम. कुणाच्या तरी घरी जुनं जातं, आपल्या बोलीत घरोट, पडलेलं असतंच. ते धुऊन आणा, खाली गोधडी घाला म्हणजे घरघर माइकमध्ये फार येत नाही. दोन जणी समोरासमोर बसवा, मूठभर ज्वारी टाका आणि 'घरोट' कविता दळता दळता म्हणू द्या. खुंट्याला हात लावून फिरवलं की ओळ कुठे थांबते, श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं, नुसतं स्टेजवर उभं राहून म्हणताना हे कळत नाही. मग शेतीच्या क्रमाने पुढे जा, पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, सगळ्यावर त्यांची गाणी आहेत. पोरं म्हणताना 'माले'चं 'मला' करायला लावू नका प्लीज, ही लेवा बोली आहे, आणि घरी आजी जशी बोलते तसंच स्टेजवर चालतं हे पोरांना त्या दिवशी कळलं पाहिजे.

भाषण एकच ठेवा, पाच मिनिटांचं. त्यात एवढं नक्की सांगा की ही गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली म्हणून. बाई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. लिहून ठेवलं नसतं तर सगळं त्यांच्यासोबतच गेलं असतं.

म्हणूनच शेवटचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या गावात आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, लग्नाची, दळणाची गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत, त्यांना पुढे बसवा आणि म्हणायला सांगा. पहिल्यांदा लाजतात, "मले काय येते" म्हणतात, एकीने सुरू केलं की बाकीच्या मागून धरतात, मग मध्येच थांबवू नका. कॉलेजच्या एका पोराला फोनवर रेकॉर्डिंग आणि एका पोरीला वही द्या. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन रेकॉर्डिंग त्यांनाच ऐकवून ओळी तपासा, प्रत्येक गाण्याखाली बाईंचं नाव, माहेरचं गाव आणि कुणाकडून शिकल्या ते लिहा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा. वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक गावच्या वाचनालयात आणि एक ज्यांनी गायलं त्यांच्या घरी.